पुदुपेट वाचवा, कूवमही वाचवा

चेन्नईतल्या एग्मोर स्टेशनची लाल विटांची, पांढऱ्या घुमटांची इमारत मागे टाकून दक्षिणेला कूवम नदीच्या दिशेने चालत निघालं, की थोड्याच वेळात रस्त्याचा वास बदलतो. ग्रीसचा, जळक्या रंगाचा, तापलेल्या पत्र्याचा वास. एका दुकानात छतापर्यंत नुसते दरवाजे उभे केलेले. पुढच्यात फक्त हेडलाइट. त्याच्या शेजारी गिअरबॉक्स, मग रेडिएटर, मग सीटा. बोळाच्या तोंडाशी एक गाडी अर्धी खोललेली, इंजिनाच्या जागी पोकळी, आणि त्या पोकळीत वाकलेला विशीतला मुलगा. त्याच्या पायाशी फरशीच्या भेगेतून काळं ऑइल गटाराकडे सरकत असतं.

हे पुदुपेट. भंगाराच्या दुकानाला तमिळमध्ये 'कायलान कडै' म्हणतात. कायलपट्टिणमच्या व्यापाऱ्यांवरून हा शब्द पडला, असं इथले लोक सांगतात. आपल्याकडे कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पेठ परकी वाटणार नाही. मी एग्मोरमध्ये, म्हणजे तमिळ माणसाच्या एळुंबूरमध्ये, बरीच वर्षं राहते. ही पेठ इथून उठवून शहराबाहेर न्यावी, अशी भाषा मी सतत ऐकत आले आहे. त्यात आता नव्या कायद्यांची भर पडली आहे. म्हणून हे लिहिते आहे. पुदुपेट उठवू नये, असं माझं ठाम मत आहे. ते आज जसं चाललं आहे तसंच चालू द्यावं, हेही मला मान्य नाही. त्या मुलाचा हात वाचला पाहिजे, आणि त्याच्या पायाशी वाहणारं ऑइल कूवमला जायचं थांबलं पाहिजे. ही दोन्ही कामं एकदमच करावी लागतील. एक सोडून दुसरं जमणार नाही, हे मला पुदुपेटच्या फेऱ्या मारून कळलं.

पहिल्यांदा गेले ते गरजेपोटी. माझ्या गाडीच्या मागच्या दाराची काच एकदा खाली गेली ती वर येईना. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालं आहे, सुटा पार्ट येत नाही, दाराचा आतला अख्खा सेट मागवावा लागेल आणि तोही मिळेलच असं नाही. शेजाऱ्यांनी पुदुपेटचा रस्ता दाखवला. तिथल्या वयस्कर दुकानदारांनी दार उघडलंसुद्धा नाही. काच तळहाताने दाबून दोनदा खालीवर केली, कान लावून आवाज ऐकला, "विंडो मशीन, अक्का," म्हणाले आणि एका मुलाला पलीकडच्या गल्लीत पिटाळलं. अर्ध्या तासात काच चालू झाली. माझं बिघडलेलं मशीन त्यांनी ठेवून घेतलं. त्याची फक्त केबल गेली होती, मोटर चांगली होती. ती मोटर आणखी कुणाच्या तरी दारात बसली असेल.

गाडी खोलणं म्हणजे मोडतोड, असं लांबून वाटतं. जवळ उभं राहून पाहिलं की त्यातला क्रम दिसतो. आधी बॅटरी सुटते. मग चाकं, सीटा, काचा, दरवाजे. वायरिंगचा गुंता शक्य तेवढा अखंड काढला जातो, कारण अख्ख्या वायरिंगला गिऱ्हाईक असतं आणि तुकड्यांना फक्त तांब्याचा भाव येतो. चेनपुली लावून इंजिन वर उचलतात, गिअरबॉक्स वेगळा करतात. काय विकलं जाईल, काय दुरुस्त होईल आणि काय वितळवायला जाईल, हा निवाडा प्रत्येक नटाबरोबर होत असतो. उरलेल्या सांगाड्यावर शेवटी गॅस कटर चालतो आणि पत्रा भट्टीकडे जातो. कोणत्या कंपनीचा कोणता गिअरबॉक्स दुसऱ्या कोणत्या मॉडेलला चालतो, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. ते या लोकांच्या बोटांत आहे, बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून पोऱ्याकडे आलेलं.

या ज्ञानाची किंमत आकड्यांतही मांडता येते. एक टन भंगार वितळवून पोलाद केलं, की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवं करण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. बॅटरीतलं शिसं पुन्हा पुन्हा वापरता येतं. सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम आणि पॅलेडियमसारखे धातू असतात. पण हे सगळं वितळवण्याचं गणित झालं. पुदुपेटची खरी कमाई त्याच्या आधीची आहे. चालू स्थितीतला गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत बसला की भट्टी पेटवावीच लागत नाही. तो ओतताना, कातताना, घासताना एकदा खर्च झालेली सगळी ऊर्जा जशीच्या तशी कामी येते. कचरा व्यवस्थापनाच्या प्रत्येक व्याख्यानात 'आधी पुनर्वापर, मग पुनर्चक्रण' असा क्रम सांगितला जातो. चेन्नईत तो रोज पाळणारी जागा मला विचाराल तर मी पुदुपेटचं नाव घेईन.

इथून जवळच पँथिऑन रोडवर सरकारी संग्रहालय आहे, १८५१ मध्ये सुरू झालेलं. तिथे अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे कोरीव दगड ठेवले आहेत. त्या स्तूपाचे कितीतरी दगड लोकांनी बांधकामाला नेले, कितीतरी भट्टीत भाजून त्यांचा चुना केला. वेळेवर कुणाच्या तरी नजरेला पडले म्हणून उरलेले वाचले. त्यांतले काही या संग्रहालयात आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. मी त्या दालनात उभी राहते तेव्हा मला पुदुपेट आठवतं. चुना भाजणाऱ्यांना तो दगड फक्त दगड दिसत होता. पुदुपेटकडे बघताना आपल्यालाही फक्त गंजलेला पत्रा दिसतो.

आता दुसरी बाजू, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. एका गाडीत काय काय भरलेलं असतं पाहा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेकचं तेल, रेडिएटरमधलं कूलंट, टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल, बॅटरीतलं गंधकाम्ल आणि शिसं. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. एसीतला आर-१३४ए हा वायू नुसता सोडून दिला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. वायरवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढलं तर निघणारा धूर विषारी असतो. आणि वापरलेलं एक लिटर इंजिन ऑइल दहा लाख लिटर पाणी नासवू शकतं.

ते पाणी कोणतं? पुदुपेटला लागून वाहणाऱ्या कूवमचं. तिरुवळ्ळूर जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी सुमारे ७२ किलोमीटर वाहून नेपियर पुलापाशी बंगालच्या उपसागराला मिळते. शहरात शिरेपर्यंत ती नदी असते. शहरात तिच्यात सांडपाणी मिसळतं, आणि कूवम मेली ती मुख्यतः त्या सांडपाण्याने. त्यात माझ्या घराचं नि तुमच्या घराचंही पाणी आलं. कूवमच्या दुर्दशेचं सगळं खापर पुदुपेटच्या माथी फोडणं अन्याय आहे. तरीही ऑइलचा आणि शिशाचा वाटा वेगळा मोजावाच लागतो. सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प उभे राहू शकतात. जमिनीत मुरलेलं शिसं मात्र तसं परत काढता येत नाही, आणि ते सगळ्यात आधी त्या वाकलेल्या मुलाच्या रक्तात जातं.

मग उठवा ना ही पेठ, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी पेरुंबाक्कमची आठवण करून देते. कूवमच्या काठावरच्या वस्त्या हटवल्या तेव्हा कितीतरी कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत नेलं. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण काम मागेच राहिलं. धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, हातगाडीवाले यांना रोजचं जाणं-येणं परवडेना. पुदुपेटचं तर सगळं बळच एकमेकांना लागून असण्यात आहे. माझ्या काचेचं मशीन पलीकडच्या गल्लीतून अर्ध्या तासात आलं, कारण ती गल्ली पलीकडेच होती. ही दुकानं चार दिशांना पांगली की तिथलं ज्ञानही पांगेल.

शहरात एक स्थलांतर मात्र टिकलं. जॉर्ज टाउनमधला कोत्तवालचावडीचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये कोयंबेडूला गेला. तिथे आधी बाजार बांधला गेला, अख्खा बाजार एकत्र हलला, आणि ती जागा शहराला जोडलेली होती. म्हणून हलवणं हे मुळातच पाप आहे, असं मी म्हणत नाही. रिकाम्या माळावर आखलेल्या प्लॉटना मात्र कोयंबेडू म्हणता येत नाही.

चोरीच्या गाड्यांचा मुद्दाही टाळता येणार नाही. असल्या पेठांत चोरीची गाडी तासाभरात सुट्या भागांत विरघळते, हे सगळ्या देशाला माहीत आहे. मेरठचं सोतीगंज त्यासाठीच बदनाम होतं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद केला. गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे. पण बाजाराला कुलूप लागलं की सचोटीने काम करणाऱ्याचं दुकानही त्याच कुलपात जातं, आणि गाडी खोलण्याचं काम कुठल्यातरी शेतात, शेडच्या मागे, रात्री होऊ लागतं. तिथे ऑइल कुठे जातं, हे बघायलाही कुणी नसतं. चोरी थांबवायची तर पेठेला उजेडात आणावं लागेल. आलेल्या प्रत्येक गाडीचा चेसी नंबर, इंजिन नंबर आणि देणाऱ्याचं नाव एका नोंदवहीत, सगळ्यांना तपासता येईल असं. पुदुपेटचे प्रामाणिक व्यापारी यालाच पहिला होकार देतील, कारण चोराच्या नावाने त्यांच्याच दारात पोलीस येतात.

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये काय झालं, तेही विसरू नये. दिल्ली विद्यापीठाने एक जुनं प्रयोगशाळेचं यंत्र लिलावात काढलं. त्याच्या आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते खोललं, किरणोत्सर्ग झाला, एक माणूस गेला, आणखी काही जण आजारी पडले. त्या कामगारांना आत काय आहे हे कळायचा मार्गच नव्हता. टाकणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. आपण एखादी वस्तू भंगारात देतो तेव्हा त्यातला धोकाही देतो, आणि घेणाऱ्याला तो सांगत नाही.

कायदा आता बदलला आहे. २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंगचं धोरण आलं. नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला जुनी गाडी दिली की मालकाला दाखला मिळतो आणि त्यावर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे नवे नियम लागू झाले. त्यांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीवरच जबाबदारी टाकली: इतक्या वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांतलं ठरावीक पोलाद परत मिळवलं, याचा पुरावा द्या. हा पुरावा कंपन्या नोंदणीकृत सेंटरकडून विकत घेतात. हेतू अगदी योग्य आहे. गाडी विकून नफा घेणाऱ्याने तिच्या अंत्यसंस्काराचाही खर्च उचलला पाहिजे. पण या नियमांतून जो पैसा या धंद्यात येणार आहे, त्यातला एक रुपयाही पुदुपेटच्या त्या मुलापर्यंत पोचण्याची वाट आज नाही. तेच पोलाद त्याने हाताने वेगळं केलं तरी ते हिशेबात धरलं जात नाही, कारण त्याच्याकडे नोंदणी नाही. नोंदणीला लागणारी जागा, काँक्रीटची तेल न झिरपणारी जमीन, ऑइल वेगळं करणारा खड्डा, वजनकाटा, अग्निशमन यंत्रणा हे सगळं उभं करणं दहा बाय बाराच्या गाळेवाल्याला एकट्याने जमणारं नाही.

म्हणून माझी मागणी एकच आणि नेमकी आहे. गाडी खोलण्याची जागा आणि भाग विकण्याची जागा, या दोन गोष्टी वेगळ्या करा. दुकानं पुदुपेटमध्येच राहू द्या. स्वच्छ केलेला दरवाजा किंवा हेडलाइट विकल्याने कुठलीही नदी बिघडत नाही. खोलण्यासाठी मात्र पेठेच्या आवाक्यातल्या अंतरावर एक सामाईक शेड उभारा, सगळ्यांच्या मालकीची, सहकारी संस्थेच्या नावाने नोंदवलेली. ऑइल, ॲसिड, कूलंट, एसीचा वायू आधी तिथे काढून घेतला जाईल आणि परवाना असलेल्या प्रक्रियावाल्याकडेच जाईल. चेसी नंबर तिथेच नोंदला जाईल. कंपन्यांच्या पुराव्याचा पैसा त्या संस्थेत येईल. आणि ज्या मुलाला गिअरबॉक्स डोळे मिटून खोलता येतो, त्याची परीक्षा घेऊन त्याला कौशल्याचं सरकारी प्रमाणपत्र दिलं जाईल. अनुभवातून शिकलेल्यांना तसं प्रमाणपत्र देण्याची योजना देशात आहेच.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर पुण्याकडे बघा. कचरा वेचणाऱ्या बायांना पोलीस हटकायचे, सोसायट्यांचे रखवालदार हाकलायचे. १९९३ मध्ये बाबा आढाव, लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेने ज्यांवर शिक्का दिला अशी ओळखपत्रं त्या बायांना मिळाली. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, तिने पुणे महापालिकेशी करार केला, आणि त्याच बाया अधिकाराने दारात येऊन ओला-सुका कचरा मागू लागल्या. त्यांचं कचऱ्यातलं ज्ञान तेच होतं. बदललं ते त्यांच्या हातातलं कार्ड आणि त्यांच्यामागचा करार. त्या करारालाही पुन्हा पुन्हा धक्के बसले आहेत आणि दर वेळी पुणेकरांना त्यांच्या पाठीशी उभं राहावं लागलं आहे. पण रस्ता चालून झालेला आहे. पुदुपेटला तो नव्याने शोधायचा नाही.

चेन्नईतल्या मराठी मंडळींना मी थेट हाक देते आहे. तंजावरच्या मराठी घराण्यांचे वंशज असोत, की मागच्या दहा वर्षांत आयटीत आलेली मुलं, या शहराने आपल्याला घर दिलं आहे. आपल्या मंडळांत गणपती बसतो, दिवाळी पहाट होते. एका रविवारी तिथे पुदुपेटच्या दुकानदारांना बोलवा. त्यांना स्टेजवर बसवा आणि विचारा, तुम्हाला काय हवं आहे. पुण्याच्या कामाची माहिती त्यांच्या भाषेत, तमिळमध्ये, त्यांना सांगणारी माणसं आपल्यातच आहेत. वकील असाल तर सहकारी संस्थेचे कागद बघा. इंजिनिअर असाल तर त्या शेडचा नकाशा काढा. गाड्यांच्या कंपनीत नोकरी करत असाल, आणि या शहरात तशी नोकरी करणारे आपल्यात थोडे नाहीत, तर आपल्या वरिष्ठांना विचारा की आपल्या गाड्यांच्या पोलादाचा हिशेब पुदुपेटबरोबर का जुळवता येणार नाही.

आणि ज्याच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्या प्रत्येकाला, तो मुंबईत असो, नागपुरात असो की कोल्हापुरात: गाडी मोडीत द्यायची तर आरसी बुक रद्द करून घ्या. गाडी मोडली की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. दाखला घ्या. पुढे तुमच्या नावावरच्या गाडीचा नंबर कुठल्या गुन्ह्यात सापडणार नाही आणि घेणाऱ्यावर चोरीचा आळ येणार नाही. गॅरेजमध्ये ऑइल बदलताना जुनं ऑइल कुठे जातं, हे एकदा विचारा. बॅटरी बदलाल तेव्हा जुनी दुकानदारालाच परत द्या. ती गोळा करून कायदेशीर प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. एवढं प्रत्येक घराने केलं तरी नाना पेठेतल्या आणि कुर्ल्यातल्याही मुलांच्या पायाखालची जमीन थोडी कोरडी होईल.

शेड उभी राहायला वेळ लागेल, हे मला कळतं. पण ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात येतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. २०१५ च्या डिसेंबरात याच कूवमने काठावरची घरं धुऊन नेली होती. पाणी चढतं तेव्हा बोळांतलं सगळं काळं ऑइल घेऊन ते घराघरांत शिरतं. म्हणून या पावसाळ्याआधी निदान एवढं करू या. पुदुपेटच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक झाकणाचं लोखंडी पिंप, त्यावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत 'जुनं ऑइल', आणि दर आठवड्याला ते उचलून नेणारा एक परवानाधारक. पिंपांचा खर्च आपण वर्गणीतून करू शकतो. पहिलं पिंप मी देते. दुसऱ्यासाठी कुणीतरी पुढे या.